ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान ट्रॅकवर न्या, पण आधी ब्रेक ऑइल बदला

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्याकडे ऑल-व्हील-ड्राइव्हची आलिशान सेडान आहे, ती एका दिवसासाठी रेस ट्रॅकवर न्यायची आहे, तर त्याआधी टायर बदलावेत का, इंजिनाचे रिमॅप (म्हणजे संगणकातली आज्ञावली बदलून ताकद वाढवणे) करून घ्यावे का, आणि चारही चाकांना ताकद मिळत असल्यामुळे नवख्या माणसाच्या हाती ही गाडी जास्त सुरक्षित राहील का. पहिल्या दोन गोष्टींकडे मी शेवटी येतो. तिसऱ्याचे उत्तर स्पष्ट "नाही" असे आहे, आणि नेमक्या याच समजुतीपायी माझी दोनदा शोभा झालेली असल्यामुळे मला त्यावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

पांढरकवड्याच्या अलीकडे, राष्ट्रीय महामार्ग 44 पासून थोडे आत, आमचे जिनिंग आणि शेती आहे. आमच्या भागात चार पैसे हाती आले की माणूस उंच, दणकट जीपगाडी घेतो. मी मात्र नागपुरातून वापरलेली, जर्मन बनावटीची, डिझेलवर चालणारी ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान घेतली, आणि "सेडान कशाला घेतली?" असे विचारणाऱ्या प्रत्येकाला "हिची चारही चाके ओढतात" असे उत्तर देत राहिलो. पहिल्याच पावसाळ्यात, पोळ्याच्या आदल्या दिवशी, ती मी शेताच्या पांदण रस्त्याने घातली. कपाशीची काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा अशा भरते, की टायर तुळतुळीत होऊन जातो. चारही चाके एकसारखी फिरत होती आणि गाडी जागच्या जागी खाली जात होती. ट्रॅक्टर घेऊन आलेल्या आमच्या सालदाराने खाली वाकून पाहिले आणि तो म्हणाला, "भाऊ, चारही चाकं फिरून राह्यले, पण गाडीचं पोट टेकलं ना!" तो प्रसंग मेहुण्याने पाहिला. तो अमरावतीला असतो, त्याच्याकडे मागची चाके ओढणारी, जर्मनच पण दुसऱ्या कंपनीची सेडान आहे, आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह ही भित्र्या माणसाची सोय आहे, असे त्याचे ठाम मत आहे.

हा वाद पुढे तीन वर्षे प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक दिवाळीत चालला. मी त्याला सांगत असे की, ऑडीने 1980 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वात्रो ही चारही चाके ओढणारी गाडी आणली आणि रॅलीचे चित्रच पालटले. 1996 ची ब्रिटिश टुरिंग कार स्पर्धा फ्रँक बिएलाने ए-4 क्वात्रो चालवून जिंकली आणि 1998 पासून त्या वर्गात चारही चाकांना ताकद देण्यावर बंदीच आली. जी गोष्ट निकामी असते तिच्यावर कोणी बंदी घालत नाही. तो मला 1969 ऐकवत असे. त्या वर्षी लोटस, मात्रा आणि मॅक्लारेन या तिघांनीही फॉर्म्युला वनमध्ये चारही चाके ओढणाऱ्या गाड्या करून पाहिल्या आणि वाढलेले वजन व वळणावर बाहेर जाणारे नाक यांना कंटाळून त्या सोडून दिल्या. दोघांचेही म्हणणे खरे होते, परंतु घरच्या वादात दोघांचेही खरे असून चालत नाही. म्हणून ट्रॅकवर जाऊनच काय तो निकाल लावायचे ठरले.

बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ग्रेटर नोएडाजवळ, यमुना एक्स्प्रेस-वेला लागून आहे. एका फेरीची लांबी 5.125 किलोमीटर, वळणे 16. 2011 ते 2013 अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. आमच्या गावापासून ते अकराशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. फेब्रुवारीत, जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या लागलेल्या असताना, मी हे अंतर तोडायला निघालो, त्याबद्दल घरात जे ऐकून घ्यावे लागले ते येथे लिहीत नाही. आम्ही दोघे दोन गाड्यांनी गेलो.

सकाळच्या पहिल्या सत्रात मी खूश होतो. तिसरे वळण चढावर आहे आणि अगदी मंद आहे. त्यातून बाहेर पडताना मेहुण्याच्या गाडीचे मागचे अंग सरकत होते, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लगेच त्याची ताकद कापत होती, आणि माझी गाडी मात्र दोरीने ओढल्यासारखी सरळ निघत होती. ऑल-व्हील-ड्राइव्हचा खरा फायदा हा आहे आणि एवढाच आहे : मंद वळणातून बाहेर पडताना, रस्ता ओला असेल तर विशेषच, इंजिनाची ताकद चार टायरांत वाटली जाते आणि वाया जात नाही. ताकद वाटली गेली म्हणून टायरची पकड वाढत नाही. वळताना आणि थांबताना गाडी टायरच्याच पकडीवर असते, आणि ब्रेक तर मेहुण्याच्या गाडीलाही चारही चाकांनाच आहेत. माझ्या गाडीत वरून जादा आस आणि जादा डिफरन्शियल (चाकांत ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) यांचे वजन आहे. अशा बहुतेक सेडानमध्ये जड इंजिन पुढच्या बाजूला असल्यामुळे वळणात वेग जरा जास्त झाला की नाक बाहेर जाते, स्टीअरिंग आणखी वळवले तरी जातच राहते, आणि पुढच्या टायरच्या कडा झिजतात.

तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून थोडा लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या शेवटी चौथे, उजवीकडचे अवघड वळण. मंद वळणातून मी लवकर आणि जोरात बाहेर पडत होतो, म्हणजेच सरळ पट्ट्याच्या शेवटी माझा वेगही जास्त होत होता. सुमारे 190 च्या वेगाने मी तेथे पोहोचत होतो आणि 80 पर्यंत खाली येत होतो. माणसासह 1,900 किलोच्या गाडीचा एवढा वेग एका दमात उतरवायचा म्हणजे सहा लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता चार चाकांच्या ब्रेक-डिस्क आणि त्यांना दोन्ही बाजूंनी धरणारे पॅड यांत ओतायची, आणि दर अडीच-तीन मिनिटांनी पुन्हा ओतायची. पांढरकवड्याहून नागपूरला जाताना दिवसभरात जेवढे ब्रेक लागत नाहीत, तेवढे येथे एका फेरीत लागतात.

दुसऱ्या सत्राच्या पाचव्या फेरीत, चौथ्या वळणापाशी, मी ब्रेकवर पाय दिला आणि पेडल मऊ होऊन खालच्या मॅटपर्यंत गेले. गाडी किंचित मंदावली, थांबण्याचे नाव घेईना. मी एवढेच शहाणपण केले की, स्टीअरिंग वळवले नाही. पेडल दोन-तीनदा भराभर दाबले, त्यातून थोडा दाब परत आला, गिअर खाली टाकले, आणि सरळ पुढच्या मोकळ्या पट्ट्यावर गाडी जाऊ दिली. कोणाला इजा झाली नाही आणि गाडीला ओरखडाही आला नाही. तो पट्टा डांबरी होता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण "भाऊजींनी गाडी मातीत घातली" असे मेहुणा आजही सांगतो. माती पांदण रस्त्यावर होती, चौथ्या वळणावर नव्हती.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागी, तेथील एका मेकॅनिकने ब्रेकचे निपल (ऑइल काढण्याची तोटी) सैल केले तेव्हा कोऱ्या चहाच्या रंगाचे ऑइल आले आणि त्यात बुडबुडे होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-4 या प्रमाणित प्रतीचे ऑइल नवे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो, आणि त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की प्रमाणित मर्यादा 155 अंशांवर येते. उकळलेल्या ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. म्हणून पाय खाली जातो आणि पॅड मात्र डिस्कला धरत नाहीत. माझ्या गाडीतल्या ऑइलने तीन पावसाळे पाहिले होते. निघण्यापूर्वी मी गाडी वर्कशॉपला दाखवली होती. त्यांनी पॅडची जाडी मोजली आणि ठीक आहे म्हटले. ऑइलचे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. दोष माझा आहे. तो ऑल-व्हील-ड्राइव्हचा नाही आणि माझ्या धैर्याचाही नाही, हे ज्याला अजून पटत नाही त्याने पॅड तापणे आणि ऑइल उकळणे यांतला फरक समजून घ्यावा : पॅड तापून निकामी होतात तेव्हा पेडल घट्टच राहते, फक्त गाडी थांबत नाही, ऑइल उकळते तेव्हा पेडल खाली जाते. माझे खाली गेले होते. मेहुणा त्या वेळी पिटच्या भिंतीपाशी चहा पीत होता, तेव्हा मी ब्रेक उशिरा दाबले हे त्याला कोठून दिसले, हा प्रश्न मी त्याला अनेकदा विचारला आहे.

माझे वडील तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, हौसेने जात. पटावरून परत आल्यावर जोडी किती वेगाने सुटली हे लोक बोलत आणि वडील मात्र धुरकऱ्याने ती शेवटी कशी आवरली हे सांगत. त्यांचे ते बोलणे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ग्रेटर नोएडात कळले.

आता तयारीबद्दल. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या, वरून भर घालू नका. डॉट-4 पैकी उंच उत्कलनबिंदूचे, किंवा आपल्या गाडीच्या पुस्तिकेला चालत असेल तर डॉट-5.1 घाला. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक नसतील तर तेही नवे. एका वेळी तीन-चार फेऱ्या जोरात आणि शेवटची फेरी ब्रेकला जवळजवळ हात न लावता, गार करण्यासाठी. पिटमध्ये आल्यावर पार्किंग ब्रेक लावू नका, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून राहतात. गाडी पी मध्ये ठेवा आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावा. पहिल्या दिवशी ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद करू नका, परंतु हेही लक्षात ठेवा की, आपण वळणात जितकी घाई कराल तितका तो एकेका चाकाला स्वतः ब्रेक लावत राहील आणि आपल्याला न कळता ते ब्रेक तापवत राहील.

रिमॅप करू नका. सरळ पट्ट्याच्या शेवटी आपला वेग आणखी वाढेल आणि तो उतरवायला ब्रेक तेच असतील.

टायरबद्दल एवढेच सांगता येईल की, नवे घेण्याची आवश्यकता नाही, आहेत ते दोन-तीन वर्षांपेक्षा जुने किंवा कडेला तडकलेले नसले की पुरे. हवा मात्र तापल्यावर वाढते, म्हणून प्रत्येक सत्रानंतर मोजून कमी करावी आणि घरी निघताना पुन्हा भरावी. ऑल-व्हील-ड्राइव्हचा जो खर्च विक्रेता सांगत नाही तो येथे आहे. चारही टायरचा घेर जवळपास सारखा लागतो, नाहीतर मधले डिफरन्शियल सतत झगडत राहते. माझे पुढचे दोन टायर त्या दिवशी कडेने संपले आणि नागपुरात मला चार घ्यावे लागले. मेहुण्याने मागचे दोन घेतले. या एका मुद्द्यावर मी त्याच्याशी वाद घालत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आपल्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा नावाचे कलम असते, त्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. आपण शर्यत करत नसून नुसता सराव करत आहोत, या युक्तिवादाच्या भरवशावर तेथे जाऊ नये; गाडी आपटली तर खर्च आपलाच, असे मानूनच जावे. आणि मी एकदाच गेलेलो आहे, हेही ध्यानात घेऊन माझे वाचावे. तेथे महिन्याला जाणारे लोक आहेत, ते टायर आणि पॅडबद्दल माझ्यापेक्षा जास्त सांगू शकतील.

गेल्या महिन्यात पत्नी माहेरी जाऊन आली. मेहुण्याने आपल्या गाडीचे ब्रेक ऑइल बदलून घेतल्याचे तिच्याकडून कळले. त्याने स्वतः मला अद्याप सांगितलेले नाही.