शनीला चंद्र किती?

प्रिय पोरी,

वर्गात प्रोजेक्टर आला, टॅब आले, आता मुलांना संशोधन शिकवायला कुठून सुरुवात करू, असं विचारलंस. माझी सुरुवात कशी चुकली ते आधी सांगते. 'ज्वालामुखी' असा विषय दिला आणि मुलांना संगणकाच्या खोलीत नेऊन सोडलं. आठवड्यानं वह्या आल्या. बहुतेकांत तेच परिच्छेद, त्याच क्रमानं. एकीनं तर 'अधिक वाचा' हे शब्दही सुवाच्य अक्षरात उतरवले होते. त्यात तिचा काय दोष? मी विषय दिला होता, प्रश्न दिलाच नव्हता. ज्वालामुखीची माहिती उतरवून काढता येते. पण 'एवढा धोका असूनही माणसं त्याच्या पायथ्याशी का राहतात?' याचं उत्तर शोधावंच लागतं.

म्हणून पहिला तास टॅब कपाटात ठेवूनच घे. मुलांकडून फळाभर प्रश्न येऊ देत. एका ओळीत संपणारे कोणते, ते त्यांनाच खोडू दे.

मग माझा सगळ्यात लाडका तास घेऊन बघ. 'शनीला चंद्र किती?' असं विचार आणि गटागटानं शोधू दे. एका गटाला ग्रंथालयातलं जुनं पुस्तक दे. फळ्यावर ६२, ८२, १४६, २७४ असे आकडे येतील आणि जोरदार भांडण होईल. होऊ दे. मग एवढंच विचार, "तुमचं पान कधीचं आहे?" २०१९मध्ये आकडा ८२ झाला, २०२३मध्ये १४६, आणि मार्च २०२५मध्ये एकदम १२८ची भर पडून २७४. माझ्या वर्गातला एक मुलगा पानाच्या तळापर्यंत बोट सरकवत गेला, बारीक अक्षरातली तारीख दिसताच उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आमचंही बरोबर होतं, पण तेव्हा!" त्या दिवसापासून वहीत उत्तराशेजारी 'कुणी, कुठे, कधी' लिहायला मला सांगावं लागलं नाही.

पान कुणाचं आहे, हे पाहणं जरा अवघड. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-पडताळणी करणारे आणि २५ विद्यार्थी संकेतस्थळं कशी तपासतात ते पाहिलं. मुरलेले इतिहासकारसुद्धा अनेकदा अधिकृत वाटणाऱ्या बोधचिन्हाला फसले. पडताळणी करणारे मात्र पानावर रेंगाळले नाहीत. लगेच ब्राउझरमध्ये दुसरी पानं उघडून, ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, ते त्यांनी आधी पाहिलं. हे मुलांना सांगू नकोस, प्रोजेक्टरवर स्वतः करून दाखव. करताना मोठ्यानं बोल, अडखळलीस तर तेही दिसू दे.

एआयला विचारू नका, असं बजावण्यात अर्थ नाही, ती विचारणारच. त्यानं सुचवलेली पुस्तकं खरोखर आहेत का, ते ग्रंथालयाच्या यादीत शोधायला लाव. नसलेलं पुस्तक एकदा स्वतः पकडलं की पुढची पडताळणी ती आपणहून करतात.

लिहिताना टॅब पालथा. वाचायचं, पालथा घालायचा, आठवेल ते आपल्या शब्दांत लिहायचं, मग ताडून बघायचं. वेळ फार जातो. जाऊ दे, त्यासाठी एखादा धडा मागे पडला तरी चालेल. आणि इंटरनेट बंद पडेल तेव्हासाठी दोन-चार पानांच्या छापील प्रती हाताशी ठेव.

पहिल्या तासाला फळ्यावर कोणते प्रश्न आले, ते मला जसेच्या तसे लिहून पाठव. खोडलेलेसुद्धा.

तुझ्या,
बाई