नगर परिषदेच्या सांडपाण्याच्या तळ्यांची पातळी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात कशी सांभाळायची?

तुम्ही मराठवाड्यातल्या एका नगर परिषदेत मलनिःसारणाचं काम बघता. तुम्ही लिहिलंय की दोन तळी मिळून २ हेक्टर आहेत, खोली दीड मीटर, रोज २० लाख लिटर सांडपाणी येतं. ऑगस्टमध्ये पाणी बांधाला टेकतं, मे महिन्यात कडेचा चिखल उघडा पडतो, तर आउटलेटच्या फळ्या (ज्यांच्या उंचीवर तळ्याची पातळी ठरते) कधी काढायच्या नि कधी घालायच्या? फळ्यांचं सांगतोच, पण आधी जरा हिशोब करू, कारण मला हे दुखणं फळ्यांचं वाटत नाही.

तळ्यावर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पातळी वाढते १० सेंटिमीटर. बस्स. एका रात्रीत हातभर पाणी चढत असेल, तर ते आभाळातून नाही, नाल्यातून आलंय. उघडी गटारं नाल्याला मिळतात आणि नाला अडवून तळ्याकडे वळवलेला असतो, त्यामुळे सगळ्या छपरांचं नि रस्त्यांचं पाणी इनलेटवर येऊन धडकतं. स्क्रीन चेंबरच्या (कचरा अडवणाऱ्या जाळीच्या हौदाच्या) आधीच बाजूला सांडवा काढा, ठरावीक उंचीच्या वरचं पाणी परस्पर नाल्यात गेलं पाहिजे. मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी लेखी संमती घ्या, नाहीतर नोटीस तुमच्याच टेबलावर येते.

आता उन्हाळा. बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटर धरलं तरी २ हेक्टरवर ते २ लाख लिटर होतं, म्हणजे आवकेचा दहावा हिस्सा. खरोखर २० लाख लिटर येत असतील तर चिखल दिसायलाच नको. तेव्हा एकतर तो आकडा फक्त कागदावर आहे (आठवड्याने नळ येणाऱ्या गावात सांडपाणी तरी रोज सारखं कुठून येणार?), नाहीतर वरच्या अंगाला कुणीतरी नाल्यात मोटार टाकलीय, नाहीतर तळ पाझरतोय.

पाझर ओळखायला बादली पुरे. एका तळ्याचं इनलेट-आउटलेट २४ तास बंद ठेवा, सांडपाणी दुसऱ्या तळ्यात सोडा. बादलीत दगड टाकून ती उथळ कडेला नीट बसवा, काठ पाण्याच्या वर राहू द्या, आत तळ्याचंच पाणी भरा. बादलीच्या आतून नि बाहेरून पातळीला खूण करा. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे सारखीच घट असेल तर ते ऊन. बाहेर जास्त घट असेल तर पाझर. पाऊस नसलेला, वारा पडलेला दिवस निवडा.

आता फळ्या. मेच्या मध्यापासून एकेक फळी काढत पावसाआधी पातळी भरलेल्या पातळीच्या ३० सेंटिमीटर खाली आणा. तेवढ्यात ६० लाख लिटर, म्हणजे तुमच्या तीन दिवसांच्या सांडपाण्याची जागा होते. घाई करू नका. पाणी झपकन उतरलं की भिजलेल्या बांधाची आतली बाजू घसरते, आणि शेवाळ नि गाळही बाहेर पडतो. एक मीटरच्या खाली मात्र जाऊ नका. उथळ पाण्यात पाणकणीस मूळ धरतं, त्याच्या आडोशाला डास होतात, आणि नंतर ते उपटायला मजूर मिळत नाहीत. हे पाणी त्या दिवसांत शेतकरी मागतातच. तपासणी करून चाऱ्याला द्या, मेथी-कोथिंबिरीला अजिबात नको.

पावसाळ्यात पाणी आणि बांधाचा माथा यांत निदान अर्धा मीटर मोकळा ठेवा, आणि दर आठवड्याला बांधावरून चालत फेरी मारा. २०१९ मध्ये रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला, तेव्हापासून खेकडा म्हटलं की लोक हसतात, पण मातीच्या बांधात घुशीचं नि खेकड्याचं बीळ असतंच, आणि पाणी चढलं की ते वाहायला लागतं. बाभळीची रोपं लहान असतानाच काढा, झाड मेलं की कुजलेल्या मुळाची पोकळी उरते.

परतीचा पाऊस आटोपला की, साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर, फळ्या परत घाला. थंडीत जिवाणूंचं काम मंदावतं, सांडपाणी तळ्यात जास्त दिवस थांबायला हवं, म्हणून हिवाळ्यात पूर्ण दीड मीटर भरलेलं बरं.

बादलीचे आकडे आले की इथेच टाका. पाझर निघालाच तर काळ्या मातीचा थर द्यायचा की अस्तर टाकायचं, ते किती पाझरतंय त्यावर ठरेल.