आकडे दाखवूनही लोकांना हवामानबदल का पटत नाही? लोक अडाणी आहेत की नुसते भावनिक?

दोन्ही नाहीत. ‘अडाणी’ वाचून राहवलं नाही, कारण माझ्या चुलत भावाने आमच्या आप्पांना भर सभेत हेच ऐकवलं होतं.

आमची वाडी दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. खाली माड-पोफळी, वर कातळावर हापूसची कलमं. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ आलं आणि आजोबांनी लावलेल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळ लावली की सुपारी हाती लागायला सहा-सात वर्षं जातात. आप्पांसारख्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ‘परत लावा’ म्हणणं किती सोपं! भरपाई जाहीर झाली हेक्टरी 50 हजार. आमच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात, म्हणजे गुंठ्याला जेमतेम 500 रुपये. पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरीही त्यात सुटेना.

पावसाळा संपल्यावर शहरातून एक साहेब आले. पडद्यावर जगाचं तापमान, दीड अंश, कार्बनचे आलेख. शेवटी म्हणाले, तुम्हीही चुलीचा धूर कमी करा, प्लास्टिक टाळा. आप्पा उठले, “सगळं देवाच्या हातात आहे” म्हणाले आणि निघून गेले. भाऊ पुण्यात इंजिनिअर. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “अडाणीपणा, दुसरं काय!”

हेच आप्पा दर हंगामात सांगतात, की थंडी उशिरा पडते, म्हणून मोहोर मागे जातो. थंडी जास्त दिवस टिकली की पुन्हा मोहोर फुटतो आणि आधी धरलेली कैरी गळते. डिसेंबरात पाऊस झाला की मोहोर काळा पडतो, फवारण्या वाढतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं सांगणंही काही वेगळं नाही. बदल आप्पांना कधीच पटलाय. पटला नाही तो माथी मारलेला दोष. घरात चारचाकी नाही, विमानात कधी बसले नाहीत, आणि वाडीचं सुतक फिटायच्या आत धुराचा हिशेब त्यांनाच विचारला.

शिक्षणाने पटतं, हा भावाचा लाडका मुद्दा. डॅन काहान हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विज्ञान आणि गणित चांगलं येणाऱ्यांमध्येच हवामानबदलावरची दोन गटांतली फूट जास्त निघाली. माणूस आधी आपल्या लोकांची बाजू धरतो, हुशारी नंतर तिच्या दिमतीला लागते. भावाने स्वतः डोंगर कापून पाडलेल्या प्लॉटमध्ये सेकंड होम बुक केलंय. तिथे त्याला एकही आलेख आठवला नाही.

आणि भावनेचं म्हणाल तर, आमची देवराई आजवर टिकली ती ग्रामदेवीच्या धाकाने आणि मायेने. तिथलं पडलेलं लाकूडसुद्धा कुणी घरी नेत नाही. तेव्हा गावात बोलायचं असेल तर आधी काय काय गेलं ते विचारा आणि ऐकून घ्या. मग गावच्याच एखाद्या बागायतदाराला बोलू द्या. धूर कुणाचा किती, तेही स्वच्छ सांगा. आणि म्हाताऱ्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा करू नका, मग तुमच्याकडे कितीही पदव्या असोत.

हे सगळं नुकसान सोसणाऱ्यांबद्दल झालं. ज्याचं पोटच कोळशाच्या खाणीवर आहे त्याला नुसतं ऐकून घेणं पुरणार नाही, आधी दुसऱ्या कामाची खात्री द्यावी लागेल. त्याबद्दल चंद्रपूर-वणीकडच्या कुणीतरी लिहावं.