१९५/५० आर १५ टायर ८ इंची रुंद रिमवर बसेल का?

बसेल, पण या मापाला रिमची मान्य रुंदी ५.५ ते ७ इंच, म्हणजे तुम्ही १ इंच बाहेर आहात. बीडला, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडेला, टायरचं साबण भरपूर लावा, व्हॉल्व्हची पिन काढा म्हणजे हवा झपाट्याने शिरेल. तरीही बीड रिमपर्यंत पोचत नसेल तर एअर टँकचा झोत लागतो. ४० पीएसआयपर्यंत 'टक्' आवाज होऊन बीड बसला नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावा. दाब वाढवत नेला तर बीडची तार तुटून टायर फुटू शकतो. बीड बसवायला पेट घेणारा स्प्रे मारून काडी लावण्याचा प्रकार तर निव्वळ आत्मघात. ताणलेली बाजू रिमची कड झाकत नाही, त्यामुळे खड्ड्यात पहिला मार रिमला. हवा कमी असेल तर वळणावर बीड सुटतो. रोजच्या गाडीला २०५/५० घ्या, त्याला ७.५ इंचापर्यंतचं रिम चालतं; ८ इंच मात्र त्यालाही अर्धा इंच जास्तच.