चर बुजायच्या आत

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाई, खणायचं तर काहीच नाही, नुसतं उभं राहायचंय." त्या 'नुसतं'चं मला रात्री हसू येत होतं. उत्खननात कुठे खणायचं, किती खोल जायचं, कधी थांबायचं हे आपण ठरवतो. इथे बांधकामाच्या खणण्यात जुन्या वस्तीच्या खुणा निघतात का, ते बघायचं. कुठे आणि किती खणायचं ते सगळं ठेकेदार ठरवतो आणि आपण त्याच्यामागे धावतो. पाण्याच्या टाकीचा पाया आणि तिथून गावात जाणारा पाइपलाइनचा चर, एवढंच तर काम. पण सकाळी खणलेल्या चरात दुपारी पाइप पडतो आणि संध्याकाळी वर माती येते. त्यानंतर तो काप, म्हणजे चराच्या बाजूत उभे दिसणारे मातीचे थर, कुणालाच दिसत नाही. तुझ्या वाट्याला येतात ते मधले दोन-तीन तास.

सोमवारी जेसीबी येणार असेल तर तू रविवारीच गावात जा. पारावरच्या एखाद्या आजोबांना विचार, "पांढरी कुठपर्यंत आहे?" पुरातत्त्व हा शब्द पहिल्याच वाक्यात काढू नकोस. तो कानावर पडला की आता जमीन जाणार, अशी धास्ती लोकांना वाटते आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे शेत, हा भेद गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या चुलींची राख, शेण, ढासळलेल्या भिंती यांनी ती माती पांढुरकी होते. खत म्हणून ती चांगली, त्यामुळे लोक ट्रॉल्या भरभरून शेतात नेतात. आपल्याकडची कितीतरी टेकाडं अशी रानोमाळ पांगली आहेत. तेव्हा काळीत चार खापरं दिसली म्हणून लगेच वस्ती सापडली असं मानू नकोस, आधी तिथे माती कुठून आणून टाकली ते विचार. शिवाय उन्हाळ्यात काळीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची बांगडी त्यातून खाली जाऊन बसते आणि पाऊस पडला की भेग मिटते.

कागदपत्रं मात्र पिशवीत ठेव. केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगी लागते, हे २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच आलं. तुझी टाकी त्या दुसऱ्या पट्ट्यात आहे आणि पाया खणताना जाणकार माणूस हजर हवा या अटीवरच तिला परवानगी मिळाली आहे. ते पत्र साइटवरच्या इंजिनिअरने वाचलेलं असेलच असं नाही. पहिल्या दिवशी शांतपणे त्याच्या हातात दे. बहुतेक गावांच्या पांढरीला तर असलं कुठलंच कवच नाही. तिथे आपल्याला उभं राहायलाही कुणी बोलावत नाही.

इंजिनिअरपेक्षाही महत्त्वाचा माणूस म्हणजे जेसीबीचा ऑपरेटर. त्याला नावाने आणि दादा लावून हाक मार. बकेटच्या दातांवर पट्टी लावून मिळते का, ते विचार. दातांनी माती उचकटली जाते, पट्टीने ती तासली जाते आणि तासलेल्या मातीत रंग दिसतात. एका घासात अर्धा मीटर उचलण्याऐवजी चार बोटं माती काढ म्हणावं. सुरुवातीला तो वैतागेल. पण दुसऱ्या दिवसापर्यंत त्याची नजर तुझ्यापेक्षा तयार होते, कारण मातीचा कस बदलला की त्याला तो लिव्हरमध्ये कळतो. "मॅडम, इथं भुसभुशीत लागतंय," हे वाक्य मी तीन-चार वेळा ऐकलंय आणि एकदाही ते फुकट गेलं नाही. हात वर केला की थांबायचं, एवढी एकच खूण दोघांत ठरवून घे. इंजिनच्या आवाजात ओरडून काही उपयोग नसतो.

आता काप. यंत्र पुढे सरकलं की खुरप्याने चराची एक बाजू वरून खाली साफ करून घे. कोरडी पांढरी सगळी एकसारखीच दिसते, म्हणून फवाऱ्याची बाटली जवळ ठेव. पाणी मारलं की थर वेगळे होतात. राखेचा करडा, खाली चोपलेल्या भुईची जेमतेम बोटभर पिवळसर रेघ, पुन्हा राख, मग लालसर भाजलेली माती. ती बोटभर रेघ म्हणजे कुणाचं तरी सारवलेलं घर, तिची उंची टेपने मोजायची. फोटो काढताना अर्धा काप उन्हात आणि अर्धा सावलीत असला तर तो वाया गेला समज. मजुरांना चादर धरायला सांग, गमतीने धरतात. मापाची पट्टी आणि दिशेची खूण फोटोत हवीच. शेवटी खाली मुरूम लागला की तो किती खोलीवर लागला ते लिही, म्हणजे वस्तीची जाडी कळते.

मधूनच थर तुटलेले दिसतील आणि एक काळपट पोट खाली उतरलेलं दिसेल. ते बहुधा पेव. धान्य साठवायला लोकांनी जुनी वस्ती कापून पेवं खणली आणि त्यातून निघालेली माती शेजारीच ओतली. म्हणून सातवाहनांच्या कौलाच्या वर त्यांच्याही आधीच्या जोर्वे संस्कृतीचं खापर मिळालं तर गोंधळू नकोस, पेव कुठल्या थरातून खाली उतरलंय ते आधी बघ. जोर्वेचं खापर तुला ओळखता येतंच. पातळ, लाल, वर काळ्या रेघा, टिचकी मारली की खणखणतं. तीन हजार वर्षांपूर्वीचं मडकं आपल्या माठापेक्षा चांगलं भाजलेलं असतं, याचं मला अजून नवल वाटतं.

एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. माझ्या तिशीत नदीकाठच्या एका गावात मी अशीच चरावर उभी होते. सकाळपासून नुसती राख निघत होती. सरपंचांकडून चहाचं बोलावणं आलं, मी गेले. वीस मिनिटांत परत आले तर चर चार मीटर पुढे गेलेला आणि कापात एका जाड करड्या कुंभाचा अर्धा गोल दिसतोय, आत घट्ट माती. उरलेला अर्धा ट्रॉलीत. ट्रॉलीमागे पळाले, तोवर माती शेतात पडली होती. ऊन उतरेपर्यंत ती चाळली. दुसऱ्या कुंभाच्या तोंडाचे तुकडे मिळाले आणि काडीएवढ्या बारीक बरगड्या. जोर्वे काळात लहान मूल गेलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि घराच्याच भुईखाली पुरत. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने इनामगावला खणलं तेव्हा अशी कितीतरी दफनं नोंदली गेली. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी चहाला गेले.

म्हणून डबा चरावरच खा. चहा यंत्र बंद असेल तेव्हाच.

वस्तू हाती आली पण तिची जागा गेली की काय होतं, ते दायमाबादला पाहा. १९७४ मध्ये प्रवरेकाठी झाडाचं मूळ खणताना एका भिल्ल माणसाला ब्राँझचे हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ मिळाला. चारही मिळून साठ किलोंच्या वर. रथ हाकणारा माणूस जेमतेम वीतभर उंच, पण उभा कसा ऐटीत! त्याच गावात पुढे शिस्तीत उत्खनन झालं, थर लागले, तरीही त्या चार वस्तू नेमक्या कुठल्या थरातल्या हे कुणालाच छातीठोक सांगता येईना. कुणी त्या हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या मानतात, तर कुणाला धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून तेवढ्या जुन्या वाटत नाहीत. पन्नास वर्षं झाली, वाद चालू आहे. मूळ उपटणाऱ्याचा त्यात काय दोष? पण तुझ्यासमोर असं काही निघालं आणि थराची नोंद नसली, तर दोष तुझाच.

नाणी, सोनंनाणं किंवा मूर्ती निघाली तर पहिल्या पाच मिनिटांत गर्दी जमते, कुंकू आणि नारळ येतो. वाद घालू नकोस. जागेवर फोटो, माप, मग पोलीस पाटील आणि तलाठी यांना कळव. निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा, कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांच्या वरचा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. माणसाची हाडं दिसली तर तिथलं काम थांबव आणि किती जुनी हे तोंडाने बोलण्याआधी पोलिसांना बोलाव.

आणि बहुधा यातलं काहीच निघणार नाही. आठ दिवस राख, दगड, प्लास्टिकच्या पिशव्या आणि मुरूम. तो अहवाल लिहायचा कंटाळा येतो, मला माहीत आहे. पण "अमुक ठिकाणी दीड मीटरपर्यंत वस्तीचा थर नाही" हे वाक्यही नकाशावर पांढरीची कड दाखवतं, आणि ती कड आजवर कुणी आखलेली नाही. चराचा प्रत्येक दहा मीटरचा तुकडा नोंदव, रिकामा असला तरी.

पांढरीचा काप दगाबाज असतो, कोरडा पडला की आवाज न करता बसतो. कमरेपेक्षा खोल चरात एकटी उतरू नकोस आणि काठावर निघालेल्या मातीचा ढीग असेल तर मुळीच नको.

शनिवारी ये, कापाची रेखाटनं घेऊन.

तुझी,
बाई

ता.क. लेबलं पेन्सिलीने लिही. ओल्या खापरांच्या पिशवीत पेनाची शाई दोन दिवस टिकत नाही.