गोव्यात बहिरी ससाण्याचे कुटुंब पिल्ले वाढवताना पाहता येईल का?

परदेशात उंच इमारतींवरच्या बहिरी ससाण्यांची पिल्ले लोक रोज न्याहाळतात, तसे गोव्यात शक्य आहे का, असे आपण विचारले आहे. बहिरी ससाण्यापुरते उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. करमळीच्या तळ्यावर किंवा मोरजीच्या किनाऱ्यावर थंडीत दिसणारा बहिरी ससाणा हा पाहुणा असतो. त्याची वीण दूर उत्तरेकडच्या टुंड्रा प्रदेशात होते. त्याचाच बारमाही भाऊबंद शाहीन ससाणा सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर, काटक्या न रचता, कपारीतच अंडी घालतो आणि ती कपार खालून सहसा दिसत नाही.

मात्र शिकारी पक्ष्याचा संसार पाहणे हाच हेतू असेल, तर पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड निवडावा. खाडीकाठच्या उंच आंब्यावर किंवा सुरूवर काटक्यांचे भले मोठे घरटे करून जोडी वर्षानुवर्षे त्यातच भर घालते, त्यामुळे ते दुरूनही ओळखू येते. पावसाळा सरल्यावर वीण सुरू होते. अंडी बहुधा 2, उबवणी सुमारे 6 आठवडे आणि पिल्लू उडेपर्यंत पुढे अडीच महिने. उडते ते बहुतेकदा एकच पिल्लू.

घरट्याच्या आतले आपल्याला दिसत नाही, म्हणून आत काय चालले आहे ते आईबापांच्या वागण्यावरून ताडावे लागते, आणि मला यातच खरी गोडी वाटते. उबवताना मादी इतकी दबून बसते की दुर्बिणीतून फक्त पांढरे डोके दिसते. मग एखाद्या दिवशी ती उभी राहून, मान खाली घालून मासळीचे बारीक तुकडे तोडू लागते. पिल्लू बाहेर आले, हे तेव्हा समजावे. नर मासे, कधी समुद्री साप घेऊन येतो आणि दुपारच्या उन्हात मादी पंख अर्धवट पसरून पिल्लावर सावली धरते. पिल्लाला पिसे फुटू लागली की ती शेजारच्या फांदीवर बसू लागते, आणि पुढे तर दोघेही सबंध मासा टाकून निघून जातात, मग तो फाडण्याचे काम पिल्लाचे. हे पिल्लू तपकिरी असते आणि आईबापांसारखा करडा-पांढरा रंग यायला त्याला चार-पाच वर्षे लागतात. किनाऱ्यावर अनेक जण त्याला वेगळाच पक्षी समजतात.

घरट्यांची ठिकाणे मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण माणसे झाडाखाली गेली किंवा कोणी ड्रोन उडवला की मादी उठते आणि उघड्या अंड्यांवर कावळे येतात. गावातल्या पाडेल्यांना (नारळ पाडणाऱ्यांना) आणि रापणकारांना (किनाऱ्यावरून रापण हे मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना) विचारावे, त्यांना घरटे बहुधा माहीत असते. मग खाडीच्या पलीकडच्या काठावर सकाळी दुर्बीण घेऊन बसावे.