आजोबांचं ‘जनता’

प्रश्न : ट्रंकेत आजोबांचं चावीचं घड्याळ सापडलं. तबकडीवर ‘एचएमटी जनता, १७ ज्युएल्स, पॅरा शॉक’. दोन मिनिटं चालून थांबतं. तबकडीवर चहासारखे डाग आहेत. रंगवून घेऊ का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : ताई, आधी चावी देणं थांबवा. आतलं तेल वाळून डिंक झालं असणार. तसंच रेटलं की दाते झिजतात. मशीन पूर्ण खोलून, धुऊन, नवं तेल घालून घ्या, बहुधा तेवढ्यानं भागेल. एचएमटीनं १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं घड्याळं सुरू केली, पॅरा शॉक ही सिटिझनचीच युक्ती. घड्याळ पडलं तर बॅलन्सच्या, म्हणजे आत डुलणाऱ्या चाकाच्या, केसाएवढ्या टोकाला ती सांभाळते. १७ ज्युएल्स म्हणजे कृत्रिम माणकाचे खडे. सोनाराकडे नेऊ नका, हसेल!

तबकडीला मात्र हात लावू देऊ नका. माझ्या वडिलांची मी हौसेनं रंगवून घेतली. भिंग लावलं तर एचएमटीतला ‘टी’ तिरका, मिनिटांच्या रेघा जाड. आजही बघून चडफडतो. घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, तीसुद्धा पितळी तांब्यासारखी घासू नका, कडा जातात. काच प्लास्टिकची असते, ती खुशाल बदला. आणि आपल्याकडच्या आषाढात घालून फिरू नका.